शिष्यवृत्तीचा हिशेब कोणी कोणाला द्यावयाचा?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत गोहलपूर, जबलपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत बोलण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. माझ्या आधीच्या वक्त्यांनी आपणांस संतवाङ्मयाची आणि नाट्यसंगीताची गोडी चाखावयास दिली. माझा विषय मात्र रुक्ष आहे. धंदेशिक्षण देणाऱ्या ज्या महाविद्यालयांत सरकारी शिष्यवृत्तीचा पैसा जातो, त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांचे पुढे काय झाले हे सांगावयाचे की नाही, आणि सांगावयाचे तर कोणाला, एवढाच तो प्रश्न आहे. विषय हिशेबाचा असला तरी तो ज्यांच्या आयुष्याचा आहे ती माणसे याच वस्तीत, या सभामंडपापासून हाकेच्या अंतरावर राहतात, म्हणून आजचे व्याख्यान गोहलपुरात ठेवावे अशी विनंती मीच कार्यकारिणीला केली होती.

आपल्या शहरात गोहलपूर आहे आणि गोकलपूरही आहे. बाहेरगावचा पाहुणा हमखास घोटाळ्यात पडतो. गोकलपूर म्हणजे रांझीकडचे, १९४७ साली सुरू झालेल्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाचे. आपल्यापैकी कित्येकांच्या वडीलधाऱ्यांनी तेथून पदवी घेतली. त्या काळी त्या महाविद्यालयाला कोणी विचारले नाही की, तुमची मुले पुढे काय करतात? विचारण्याची गरज नव्हती. तोफगाडी कारखाना १९०४ पासून होता, खमरियाचा कारखाना होता, रेल्वे होती, पुढे वाहन कारखानाही आला. कोण कोठे लागला हे साऱ्या गावाला ठाऊक असे. शहरच त्या महाविद्यालयाचा जिवंत अहवाल होते.

गोहलपूरची गोष्ट निराळी. ही विणकरांची, विडी वळणाऱ्यांची, शिवणकाम करणाऱ्यांची वस्ती. लेमा गार्डनला तयार कपड्यांचा समूह-उद्योग अलीकडे उभा राहिला. जबलपूरच्या सलवार-सूटचा व्यापार त्याआधीपासूनचा आहे. या घरांतली पहिली पिढी आता बारावीच्या पलीकडे पाऊल टाकीत आहे. आणि नेमक्या याच घडीला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना परिचर्या, औषधनिर्माण, संगणक, प्रयोगशाळा-तंत्र अशा अभ्यासक्रमांच्या पाट्या झळकू लागल्या आहेत. प्रत्येक पाटीवर दोन आश्वासने असतात. एक नोकरीचे, दुसरे शिष्यवृत्तीचे.

एक प्रसंग सांगतो. २०२० सालची गोष्ट. आपल्या मंडळाच्या सायंवर्गात येणाऱ्या एका मुलीची आई माझ्याकडे आली. बाई विड्या वळणारी, हातात विडी कामगाराचे ओळखपत्र आणि एक गुळगुळीत माहितीपत्रक. त्यावर लिहिले होते, 'सौ प्रतिशत प्लेसमेंट'. तिने विचारले, "मास्टरजी, ये सच है क्या?" मला उत्तर ठाऊक नव्हते, म्हणून दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर त्या संस्थेच्या कार्यालयात गेलो. संस्थेचे नाव घेण्याचे कारण नाही. तेथील कारकून सभ्य होता. त्याने उपस्थितीची वही दाखविली, शुल्काची दाखविली, शिष्यवृत्तीच्या अर्जांची तर तीन कपाटे होती. मी म्हणालो, "तीन वर्षांपूर्वी ज्यांनी प्रवेश घेतला त्यांतले किती उत्तीर्ण झाले आणि किती कामाला लागले, ती वही दाखवा." तो क्षणभर गप्प राहिला आणि अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, "बाबूजी, ऐसा रजिस्टर तो हमसे किसी ने माँगा ही नहीं."

गेली काही वर्षे हे वाक्य माझ्या मनातून गेलेले नाही. आजचे माझे सारे बोलणे त्या एका वाक्याचे भाष्य समजावे.

हिशेब मागितला जात नाही असे मुळीच नाही. तो आपण मागतो, फार कसून मागतो; पण मागतो कोणाकडे? मदत घेणाऱ्याकडे. ही रीत जुनी आहे. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी भीमराव आंबेडकरांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. त्यापूर्वी त्यांच्याकडून करार लिहून घेतला: सारा वेळ अभ्यासास द्यावयाचा आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करावयाची. संस्थानाच्या पैशाबद्दल करार मागण्यात वावगे काही नव्हते. मात्र त्या कराराने जे बांधून घेतले ते विद्यार्थ्याला.

पुढे १९४४ साली अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी शालान्त परीक्षेनंतरच्या शिष्यवृत्तीची केंद्रीय योजना सुरू झाली. ती आजही चालू आहे. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पाच वर्षांसाठी ५९,०४८ कोटी रुपयांचा आराखडा मंजूर केला आणि खर्चाचा ६० टक्के भाग केंद्राने उचलावयाचा ठरविला. विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्रीय श्रम मंत्रालयाची निराळी योजना आहे. विडी कामगार कल्याण निधीचा कायदा १९७६ चा. त्यासाठीचा उपकर २०१७ साली वस्तू व सेवा कराबरोबर बंद झाला, पण मदत चालू राहिली. पहिलीच्या मुलाला वर्षाला १,००० रुपयांपासून व्यावसायिक पदवीच्या विद्यार्थ्याला २५,००० रुपयांपर्यंत. त्या मायलेकींचा सारा हिशेब या रकमेवर बांधलेला होता.

आता ही मदत मिळविण्यासाठी काय काय लागते ते पाहा. उत्पन्नाचा दाखला, जातीचा किंवा कामगाराचा दाखला, आधार क्रमांक, बँकेचे खाते, मागील वर्षाची गुणपत्रिका, राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज, मग संस्थेची पडताळणी. एका अक्षराची चूक झाली तर अर्ज परत. सतरा वर्षांची पोर सरकारला आपल्या घराची इंचन् इंच माहिती देते. ज्या संस्थेच्या तिजोरीत तो पैसा अखेर जाऊन पडतो, ती संस्था त्या पोरीला स्वतःबद्दल काय सांगते? एक गुळगुळीत माहितीपत्रक.

नियम अगदीच नाहीत असे म्हणणे अन्यायाचे होईल. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने आपल्या मान्यताप्राप्त संस्थांवर जाहीर प्रकटनाचे बंधन घातले आहे. त्यात मागील तीन वर्षांत किती जणांस नोकऱ्या मिळाल्या, किमान, कमाल आणि सरासरी वेतन किती, हे द्यावयाचे असते. राष्ट्रीय संस्थात्मक क्रमवारी २०१५ साली योजली गेली. तिच्यात भाग घेणाऱ्या संस्थेला किती दाखल झाले, किती वेळेत उत्तीर्ण झाले, किती कामाला लागले हे सांगावे लागते. शिष्यवृत्तीच्या २०२० च्या निर्णयातही सामाजिक लेखापरीक्षण आणि दर सहा महिन्यांनी प्रत्येक संस्थेचा स्वतः तपासलेला अहवाल, अशी तरतूद आहे. कागदावर हे सारे उत्तम आहे. पण क्रमवारीत उतरावयाचे की नाही हे संस्थेच्या मर्जीवर. परिचर्येची संस्था तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत येत नाही. आणि 'स्वतः तपासलेला' अहवाल म्हणजे परीक्षार्थीनेच आपला पेपर तपासण्यासारखे आहे.

शिवाय आकडे खरे असूनही फसवे असू शकतात. समजा, दहा मुले नोकरीस लागली. नऊ जणांना दरमहा ८,००० रुपये आणि एकाला ९८,०००. सरासरी निघते १७,०००. जाहिरातीत १७,००० छापले तर ते खोटे नाही. पण दहांपैकी एकालाही १७,००० मिळालेले नाहीत. त्याच दहांना कमाईच्या क्रमाने उभे करून बरोबर मधल्या मुलाला विचारा. तो म्हणेल ८,०००. आणि वर्ग जर चाळीस मुलांचा असेल, उरलेली तीस घरी बसली असतील, तर मधल्या मुलाचे उत्तर शून्य. विडी वळणाऱ्या आईला कळावयास हवा तो हा मधला आकडा.

तपासणीने भागेल काय? आपल्याच शहरातील अनुभव ताजा आहे. मध्य प्रदेशातील परिचर्या महाविद्यालयांना इमारत, खाटा, शिक्षक नसताना मान्यता मिळाल्याची तक्रार विधी-विद्यार्थ्यांच्या एका संघटनेने येथील उच्च न्यायालयात नेली. न्यायालयाने केंद्रीय अन्वेषण विभागाकडून तपास करविला. २०२४ च्या आरंभी पुढे आलेल्या अहवालात ३०८ महाविद्यालयांपैकी १६९ योग्य, ७४ उणिवा असलेली आणि ६५ अपात्र ठरली. आणि त्याच वर्षी मे महिन्यात अनुकूल अहवालासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून तपास करणाऱ्यांपैकीच काहींना अटक झाली. 'योग्य' ठरलेल्या महाविद्यालयांची फेरतपासणी न्यायिक अधिकाऱ्यांच्या उपस्थितीत करविण्याचा आदेश न्यायालयाला द्यावा लागला. या साऱ्या काळात हजारो मुलामुलींच्या परीक्षा लांबत गेल्या. ज्यांनी २०२०-२१ मध्ये प्रवेश घेतला, ती मुले २०२३ संपले तरी पहिल्या वर्षातच अडकलेली होती. मी सांगितलेली मुलगी त्यांतलीच एक.

खाटा एक दिवसासाठी भाड्याने आणता येतात. शिक्षकांची नावे उसनी घेता येतात. तपासनीस किती वेळा जाणार आणि किती खोल्या पाहणार? पण बाहेर पडलेली मुलगी रुग्णालयात काम करते की नाही, हे भाड्याने आणता येत नाही. म्हणून जगात अन्यत्र याच प्रश्नाचा विचार कसा झाला, हे पाहण्यासाठी थोडा वेळ आपणांस अमेरिकेत नेतो.

दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणासाठी अमेरिकेने १९४४ साली कायदा केला. पैसा आला तशा धंदेशिक्षणाच्या शाळा भराभर निघाल्या. त्यांतील कित्येक केवळ त्या पैशासाठी. तेव्हा १९५२ च्या कायद्याने असे ठरविले की, ज्या अभ्यासक्रमात ८५ टक्क्यांहून अधिक विद्यार्थी सरकारी पैशावर शिकत असतील त्याला मदत नाही. कल्पना साधी आहे: स्वतःच्या खिशातून पैसे देणारा एकही शहाणा माणूस जेथे जात नाही, तेथे सरकारने का जावे? १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्याच्या मदत-व्यवस्थेत असे तत्त्व रूढ झाले की, धंदेशिक्षणाच्या अभ्यासक्रमाने विद्यार्थ्याला उपजीविकेच्या कामासाठी तयार केले पाहिजे. तयार केले म्हणजे काय, याची व्याख्या मात्र कित्येक दशके कोणी केली नाही.

ती २०११ साली प्रथम झाली, २०१२ साली न्यायालयाने अडविली, २०१४ साली पुन्हा झाली, २०१९ साली रद्द झाली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये नव्या रूपात परत आली. सरकार बदलले की नियम बदलला. दरम्यान २०१५ साली कोरिंथियन नावाची महाविद्यालयांची मोठी साखळी कोसळली. तिच्या सुमारे ५ लाख ६० हजार विद्यार्थ्यांचे ५८० कोटी डॉलरचे कर्ज २०२२ साली तेथील सरकारला माफ करावे लागले. वेळीच न मागितलेल्या हिशेबाची ती किंमत होती.

२०२३ च्या नियमाच्या दोन कसोट्या आहेत. पहिली अशी: अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यांच्या कर्जाचा वार्षिक हप्ता त्यांच्या वार्षिक कमाईच्या ८ टक्क्यांहून अधिक नसावा, किंवा अत्यावश्यक खर्च वजा जाता उरणाऱ्या कमाईच्या २० टक्क्यांहून अधिक नसावा. आपल्या मापाने सांगावयाचे तर, वर्षाला दीड लाख मिळविणाऱ्याचा हप्ता महिन्याला १,००० रुपयांच्या आत. दुसरी कसोटी अशी की, मधल्या विद्यार्थ्याची कमाई त्याच राज्यातील केवळ शालान्त शिक्षण झालेल्या तरुण कामगारापेक्षा अधिक हवी. नाहीतर शिकून काय मिळविले? तीन वर्षांत दोनदा नापास झालेल्या धंदेशिक्षणाच्या अभ्यासक्रमाची केंद्रीय मदत बंद. ही कल्पना एका पक्षाचीच राहिली असेही नाही. जुलै २०२५ मध्ये दुसऱ्या पक्षाच्या राजवटीत झालेल्या कायद्याने कमाईची कसोटी पदवीच्या अभ्यासक्रमांनाही लावली.

यातली खरी शिकण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. महाविद्यालयाने कळवावयाचे ते कोणता विद्यार्थी कोणत्या अभ्यासक्रमात होता, शुल्क किती, कर्ज किती, शिष्यवृत्ती किती. कमाई किती, हे महाविद्यालयाला विचारीतच नाहीत. तो आकडा सरकार आपल्याच दुसऱ्या खात्याच्या नोंदींतून काढते. ज्याचे हित गुंतले आहे त्याच्या तोंडून निकाल ऐकावयाचा नाही, हे ते तत्त्व. आपल्याकडेही परिचारिकेची नोंदणी राज्याच्या परिषदेत होते, कारखान्यातील कामगाराला भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक असतो. नोंदी आहेत, त्या शिष्यवृत्तीच्या यादीशेजारी ठेवून पाहिल्या जात नाहीत, एवढेच.

येथे मला एका मोठ्या माणसाचा आक्षेप आपणांपुढे ठेवला पाहिजे. १८८२ साली महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन सादर केले. त्या काळी विलायतेत १८६२ पासून निकाल पाहून शाळेला अनुदान देण्याची पद्धत होती. जोतीरावांनी सांगितले की, ही पद्धत गरीब आणि अशिक्षित समाजात शिक्षण पसरविण्यास योग्य नाही; कारण जेथे शिक्षणाची गोडीच अजून लागलेली नाही तेथे निकालाच्या भरवशावर कोणता शिक्षक शाळा काढील? त्यांनी मागास जातींच्या मुलांसाठी उदार शिष्यवृत्त्या मागितल्या.

हा आक्षेप आजही खरा आहे. नुसत्या निकालावर मदत ठेवली तर संस्था हुशार आणि सुस्थितीतली मुले निवडतील आणि गोहलपूरच्या पोरीला दारातूनच परत पाठवितील. दुसरी अडचणही आहे. शिवणकाम शिकून घरी सूट शिवणाऱ्या मुलीचे नाव भविष्यनिर्वाह निधीच्या यादीत कधीच येणार नाही. ती कमावती असून बेकार ठरेल. अमेरिकेत केशभूषा शिकविणाऱ्या शाळांनी २०१७ साली न्यायालयात हेच गाऱ्हाणे मांडले की, आमच्या विद्यार्थिनींची बरीच कमाई बक्षिशीची, ती कागदावर पुरती येत नाही. न्यायालयाने त्यांचे म्हणणे काही अंशी मान्यही केले.

म्हणून माझे मत असे बनले आहे. हिशेबाचा पहिला उपयोग शिक्षा करणे हा नसावा. सांगणे हा असावा, आणि तो प्रवेशाच्या आधी सांगितला जावा. किती आले, किती टिकले, किती उत्तीर्ण झाले, वर्षभराने किती काम करीत आहेत, मधल्याची कमाई काय आणि एकूण खर्च किती, हे सहा आकडे एका कागदावर, आईला वाचता येईल अशा भाषेत, शुल्क भरण्यापूर्वी तिच्या हातात पडावेत. गरीब मुले घेणाऱ्या संस्थेची तुलना गरीब मुले घेणाऱ्या संस्थेशीच व्हावी, म्हणजे जोतीरावांची भीती खरी ठरणार नाही. घरी शिवणाऱ्या मुलीकडे कोणीतरी चालत जाऊन विचारावे. सरकारला हिशेब देणे आवश्यकच आहे. पण तिजोरी सरकारची असली तरी आयुष्याची तीन-चार वर्षे त्या मुलीची जातात. पहिले देणे तिचे आहे.

आता शेवटचे सांगतो, आणि ते आपणां सर्वांविषयी आहे. आपले मंडळ गणेशोत्सवात दरवर्षी गरजू विद्यार्थ्यांना शिक्षणसाहाय्य देते. त्या समितीवर मी अनेक वर्षे होतो. अर्ज तपासले, दाखले मागितले, अपुरे कागद पाहून मुलांना परतही पाठविले. व्यासपीठावर पाकिटे दिली, छायाचित्रे काढली. ती या स्मरणिकेतही आपणांस दिसतील. परवा मी मंडळाच्या कार्यालयात बसून जुन्या फायली चाळल्या. कोणाला किती दिले ते पै-पैसह लिहिलेले आहे. त्यांतले किती जण पुढे उत्तीर्ण झाले, आज कोठे आहेत, याची एक ओळ मला सापडली नाही. त्या कारकुनाला मी जी वही मागितली होती, ती माझ्यापाशीही नव्हती. मलाही ती कोणी मागितली नव्हती.

म्हणून माझी मंडळाला एक विनंती आहे. सुवर्णमहोत्सवाची आठवण म्हणून आपण अनेक गोष्टी करीत आहोत. त्यांत एक वही घालावी. मंडळाने ज्यांना साहाय्य दिले त्यांच्याकडे दरवर्षी एकदा जाऊन ती भरावी. कोणाचे शिक्षण सुटले असेल तर का सुटले, तेही लिहावे आणि वार्षिक सभेत वाचून दाखवावे. नावे न घेता, पण आकडे न लपविता. जी संस्था आपला हिशेब स्वतः मांडते, तिलाच दुसऱ्या संस्थांकडे हिशेब मागण्याचा अधिकार पोहोचतो. मग आपल्यापैकी दोघे-चौघे त्या मुलांच्या महाविद्यालयांत जातील आणि तीच वही मागतील. एकदा मागून मिळणार नाही. दरवर्षी मागितली तर कोणीतरी ठेवू लागेल.

ती मुलगी परिचर्येचा अभ्यास सोडून आता एका शिवण-केंद्रात काम करते. मी मागच्या महिन्यात तिला भेटलो. काम बरे आहे, म्हणाली. मग तिने मला विचारले, "मास्टरजी, मेरे साथ की बाकी लड़कियों का क्या हुआ, आपको कुछ पता है?" मला पता नव्हता. वहीत पहिले नाव तिचे लिहावयाचे आहे, आणि तिच्या या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापासून आपण आरंभ करावा, एवढे बोलून मी आपली रजा घेतो.